साडेचार चौरस फूट

मंगळवारी कपाट गेलं.
इस्माईलने काट्यावर चढवलं,
सत्याहत्तर किलो, लॉकर धरून.
उतरवताना दुसऱ्या मजल्यावर
मस्करांच्या दाराला एक ओरखडा,
तेवढीच त्याची जाताजाताची सही.

वर आले तर
खोलीत कुणीतरी उभं होतं.
तीन फूट रुंद, दीड फूट खोल,
माझ्या डोक्यावर हातभर उंच,
निळं.

या घराला तीनदा रंग दिला,
मोतिया, मग पिस्ता, मग परत मोतिया,
आणि तिन्ही वेळा रंगारी
कपाटाला वळसा घालून गेले.
मागे एकोणऐंशी सालचा निळा तसाच,
सासऱ्यांनी गोदीतून डबा आणून
स्वतः कालवलेला.
त्यानंतर त्याला उजेड दिसला तो आत्ता.

फ्रिज शनिवारी येणार होता.
म्हणजे चार दिवस
घोडपदेवच्या आमच्या एकशे ऐंशी फुटांत
साडेचार चौरस फूट
काहीच नव्हतं.
दिगंबरने मोबाईलवर हिशेब केला:
आजच्या भावाने
दीड लाखाचं काहीच नाही.

पहिल्या रात्री आम्ही
त्याला पाय लागणार नाहीत असे झोपलो,
पाहुणा उतरल्यासारखे.

बुधवारी जुईली त्यात जाऊन बसली.
काय करतेस गं?
लिफ्टमध्ये आहे.
कितव्या मजल्यावर?
अजून ठरलं नाही.

पराग बारावीत आहे,
घरात "हं" आणि "नको" एवढंच बोलतो.
तो अंधारात तिथे उभा राहून
कितीतरी वेळ काहीबाही गुणगुणला.
मग म्हणाला, इथे आवाज वेगळा येतो.
पाच शब्द नव्हते, चारच होते,
पण मी मोजले.

मी कटर आहे.
काळाचौकीच्या गाळ्यात
दिवसाला दीडशे ब्लाऊज कापते.
मुंढ्याबद्दल विचारा मला.
नवीन पोरी बाहीची काळजी करत बसतात.
बाही नंतर येते.
आधी धडधाकट कापडात एक भोक पाडावं लागतं,
आणि हात कुठून निघेल, कुठवर जाईल
हे त्या भोकाला ठरवू द्यावं लागतं.
हे मी वीस वर्षं सगळ्यांना शिकवते.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाने कापते.
आपलं काही काढावं, तर जागा कुठाय,
असंही वीस वर्षं म्हणते.
भिंत होती.
तिच्यापुढे कपाट होतं.

गुरुवारी, भांडी घासून झाल्यावर,
पर्समधला मार्किंगचा खडू घेतला.
निळ्यावर एक खांदा काढला.
मग मुंढा.
मग बाही, कुणाच्याच मापाची नसलेली,
जी कोपराशी संपेना, मनगटाशी संपेना,
म्हणून स्टुलावर चढले.

रिकामा न्हावी
भिंतीला तुंबड्या लावी,
कूस बदलत सासूबाई म्हणाल्या.
मी म्हटलं, भिंत मिळाल्यावर
न्हावी सोडतो होय?
बराच वेळ काही नाही.
नळाचा थेंब, वर कुणाचा तरी खोकला.
मग अंधारातूनच:
दोनदा कालवला होता त्यांनी हा निळा.
पहिला फार गडद झालेला.
मीच म्हटलं होतं, थोडं आकाश घाला.
इतक्या वर्षांत हे त्या
कुणाला बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारचं सांगत नाही.
शुक्रवार माझा.

शनिवारी दोन पोरं फ्रिज घेऊन आली,
घामाघूम, घाईत.
एकाने खडूकडे पाहिलं,
पुसू का, म्हणाला. नको म्हटलं.
दुसरा म्हणाला, भिंतीला चिकटवू नका हं ताई,
मागे वीतभर मोकळं सोडा,
मशीन तापतं नाहीतर.

ती गेल्यावर सासूबाई उठल्या.
फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये
त्यांनी हात घातला,
अंगठा ते करंगळी, वीत टाकून पाहिली.
बरोबर भरली.
तरी दिगंबरला म्हणाल्या,
अजून दोन बोटं पुढे घे.