तीन चांदण्या

किसुमूत रात्री अडीचला
अवुओर, जिच्या नावातच मध्यरात्र,
एका पॅकेटची वाट शोधते आहे.
रुग्णालयातून निघालं, प्रयोगशाळेत जायचंय,
मध्ये एक रस्ता आणि एक आंब्याचं झाड.

पहिला थांबा, चार मिलिसेकंद. दुसरा, पाच.
मग नैरोबी, मोम्बासा, समुद्राखालून
थेट लंडन.
काखेत कळसा, आणि वळसा हा असा.

तिथे सातव्यावरून आठव्यावर,
आठव्यावरून पुन्हा सातव्यावर.
दोन राउटर एकमेकांना सांगतात, हा तुझ्याकडचा.
दर खेपेला त्याच्या आयुष्यातला एक आकडा गळतो.
शून्यावर टाकून देतात;
कळवतात, किंवा कळवतही नाहीत.
पडद्यावर तीन चांदण्या,
आणि कुणाच्या तरी रक्ताचा अहवाल
अजून आलेला नाही.

दुसऱ्या कंपनीचा ओगोला फोनवर म्हणतो,
आमच्याकडून सगळं ठीक आहे.
हेच ती संध्याकाळपासून त्याला म्हणतेय.

तेवढ्यात खालून एक बोडाबोडा भोंगा वाजवत जाते.
खिडकीतून आधी,
आणि क्षणभराने फोनमधून, तोच.

ती गप्प. तोही.
"तू बसतोस कुठे रे?"

समोरच्या इमारतीत एक दिवा विझतो, पेटतो.

मग नुसता की-बोर्डचा आवाज.
मार्चमधल्या यादीतली एक ओळ
काढायची राहून गेली होती.
ओगोला ती खोडतो. माफी वगैरे मागत नाही.

पॅकेट आता झाडाखालून जातं.
दोन मिलिसेकंद.
फोन मात्र कुणीच ठेवत नाही.