अकरा नंबरचा पत्रा

वादळानं न्यायच्या आधी
छप्पर आपणच उतरवायचं.
पिनार देल रिओत हे कुणी शिकवत नाही;
शिडी धरायला उभं केलं की कळतं.

सकाळी रेडिओ म्हणाला, उद्या रात्री.
बाबा म्हणाले, म्हणजे आज.

बाबा वर, मी शिडीला,
योएल खाली मातीत फतकल मारून.
पुढ्यात दगड, हातात हातोडी.
वरून पडेल तो वाकडा खिळा
ठोकून सरळ करायचा
आणि दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा.
दुकानात खिळे येऊन वर्ष झालं.
आठ वर्षांचा आहे, जीभ बाहेर काढून काम करतो.
एखादा फारच वाकडा निघाला
तर त्याला आधी समजावून सांगतो.

फ्रीज हातगाडीवरून फेर्मिनाकडे गेला.
तिच्या घराला स्लॅब आहे.
वाडीतले चार फ्रीज तिच्या बैठकीत
भिंतीला पाठ लावून उभे,
मुलगी बघायला आल्यासारखे अवघडून.
फेर्मिना म्हणाली, यांना कॉफी विचारू का?

एकेक पत्रा खाली येतो,
बाबा त्यावर खिळ्यानं आकडा कोरतात.
एक. दोन. तीन.
परत चढवताना भोकाला भोक जुळलं पाहिजे,
नाहीतर वर्षभर पाऊस आपल्याच ताटात.

अकरावा आमचा नाही.
गेल्या वादळात तो कुठूनसा उडत आला
आणि तंबाखूच्या वाफ्यात उभा रुतला.
अंगावर आकडा आधीच होता,
निळ्या रंगात, वळणदार, शाळामास्तरानं काढावा तसा.
बाबांनी सायकलवरून तीन गावं पालथी घातली.
निळा अकरा कुणाचा?
कुणी हसलं. एका म्हातारीनं उलट विचारलं,
आमचा लाल चार दिसला का कुठे?
महिनाभर वाट पाहून
तो स्वयंपाकघरावर चढवला.
कुणाच्या तरी खिळ्यांची भोकं त्याला,
त्यातल्या एकाखाली आईचा कान तुटलेला कप
कायमचा ठेवलेला असतो.

आज आईनं कॉफी होईपर्यंत
तेवढा एक पत्रा काढू दिला नाही.
सगळं घर उघडं
आणि चुलीपुरती सावली.
आम्ही चौघं त्या सावलीत दाटीनं उभं राहून
कॉफी प्यायलो.
मग तोही उतरला.

मग आईनं फरशी पुसली.
उद्या इथे घोटाभर चिखल असणार, मी म्हटलं.
तिनं फडकं पिळलं. म्हणाली,
त्याला नाव रेडिओनं ठेवलंय ना,
त्यानं आपल्याला नावं ठेवायला नकोत.

संध्याकाळी वारा पडला. एक पान हलेना.
घरात भिंती होत्या नुसत्या,
माझ्या खाटेच्या बरोबर वर एक घार
गोल गोल फिरत होती, आणि मला उगाच लाज वाटली.
मागे परसात पणजोबांची खोप आहे,
तिला भिंतीच नाहीत:
ताडाच्या झावळ्यांचं छप्परच काय ते,
थेट जमिनीत रोवलेलं, माणसानं वाकून आत शिरायचं.
तिथे पाणी, बिस्किटं, कंदील,
तंबाखूच्या बियांची बाटली,
आणि आईच्या भाषेत बिनकामाची,
अंडी न देणारी एक कोंबडी, जिला योएल सोडेना.

पत्रे घरातच जमिनीवर रचले.
वर पाण्यानं भरलेलं पिंप, भोवती दोर.
पण आकड्यांप्रमाणे रचले नाहीत.
अकरा सगळ्यांत खाली,
त्यावर आमचे दहा.

योएल म्हणाला, बाबा, चुकलं.
बाबांनी गाठ आवळली, दातांनी ओढून.
राहू दे, म्हणाले. तो लोकांचा आहे.

खोपीत शिरताना मी मागे होते.
अंधारात योएल डबा कानाशी धरून हलवत होता.
एकशे सात, म्हणाला.
आणि दोन अजून ऐकत नाहीयेत.