पाऊण नंबर

शरणपूर रोडच्या दवाखान्यात
डॉक्टरांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या :
एक चष्मा, काचेत पोळ्यासारखे बारीक ठिपके,
आणि पाण्यात बुडालेली लेन्स,
माशाच्या खवल्याएवढी.

"नंबर उतरणार नाही. हळू वाढेल, एवढंच."

सहा महिन्यांत पाऊण नंबर चढला शाल्मलीचा.
मी पैसे विचारले. दोन्ही महाग.
चष्मा मधल्या सुट्टीत फुटला तर?
लेन्स घालताना हात धुतले नाहीत तर?

ती खिडकीतून समोरची पाटी वाचत होती
डोळे बारीक करून,
चौथीत मी फळा वाचायचो तशी,
कुणाला न सांगता.

माझा उणे नऊ.
रात्री चष्मा काढला की
शेजारी झोपलेली लेक
उजेडाचा एक डाग होते.

"लेन्स असली तर रडता येतं का?"
डॉक्टर हसले.
सोमवारपर्यंत कळवा म्हणाले,
आणि रोज दोन तास उन्हात, लांबचं बघायचं.

स्कूटर पांडवलेण्याकडे घेतली.
पायथ्याशी थांबून म्हटलं,
"वर किती माणसं आहेत?"
"आधी तू सांग."
मी पाच म्हटलं, ती सात.

उतरणारा एकजण थांबला, वर पाहिलं.
"माणसं कुठली," म्हणाला,
"शेळ्या आहेत."