बोलावणं

नाताळच्या करंज्या, अकरा वर्षं,
त्याच स्टीलच्या डब्यातून, वर क्रोशाचा रुमाल.
डबा रिकामा परत करू नये म्हणून
शेवंता काकी कधी चिमूटभर साखर घालायच्या,
कधी साताऱ्याहून आलेला घेवडा.
कोपरखैरण्यात, माथाडींच्या या ओळीत,
आमची भिंतीला भिंत.
इकडे मिक्सर लागला की तिकडे कळतं चटणी कशाची.

यंदा डबा हातात घेऊन त्या दारातच थांबल्या.
"एस्तेर, दर ऐतवारी इस्त्रीची साडी नेसून जातीस,
पोरं नेतीस, पेटी नेतीस.
अकरा वर्षांत एकदा तरी म्हणालीस का,
काकी, चला?"

काय सांगणार होते मी.
की हल्ली 'चला' म्हटलं तरी लोक त्याचा अर्थ लावतात.
की मागच्या पावसाळ्यात दोघे येऊन पाळकांकडे
नावांची यादी मागत होते, कोण कोण येतं.
की तुमच्या देव्हाऱ्यासमोर उभं राहून
माझं बोलावणं मलाच आगाऊ वाटायचं.
म्हटलं, "कंटाळाल काकी. दोन तास बसायचं असतं."
"मालकाच्या फंडाच्या पैशासाठी
मी ऑफिसात चार-चार तास बसलेली बाई हाय.
लग्नाला अक्षत देत्यात. तू निदान तोंडानं तरी."

धीर गोळा व्हायला महिना गेला.

समाजमंदिराचं कुलूप रविवारी मीच उघडते.
शनिवारी हॉल कुणा ना कुणाचा असतो.
काल लग्न होतं: फरशीभर अक्षता, झेंडू,
भिंतीवर सोनेरी कागदाचं नाव, शेवटचं अक्षर लोंबतंय.
झाडून घ्यायचं, चाळीस खुर्च्या मांडायच्या,
टेबलावर पांढरं कापड टाकायचं
आणि त्याला देऊळ म्हणायचं.

काकी पावणेनऊलाच हजर. निळी नऊवारी, हातात नारळ.
"चपला कुठं काढायच्या?"
आमच्यात काढत नाहीत. मी माझ्याही काढल्या.
नारळ कुठे ठेवावा, त्रिभुवन सरांना विचारलं,
तर सरांनी चष्माच पुसायला घेतला.
शेवटी खिडकीत ठेवला, गीतांच्या पुस्तकांना टेकवून.
तिथे बरा दिसत होता.

त्या गायल्या नाहीत, पण टाळी अचूक समेवर.
प्रवचनाला डुलकी.
थैली आली तेव्हा कनवटीची वीसची नोट,
घडी न उलगडता.

मग भाकर आली, पेला आला.
महिन्याचा पहिला रविवार. माझ्या ध्यानातच नव्हतं.
लोक उठले तशा काकीही उठल्या.
"परसाद का?"
काकी, ते... बाप्तिस्मा झालेल्यांनाच असतं.
पाहुण्याला पंगतीपर्यंत आणायचं
आणि पाट मांडल्यावर म्हणायचं, जरा थांबा.
नियम आहे. नियमाला कारण आहे.
ते मी मुलांना शिकवते, फळ्यावर लिहून.
"बरं, बरं," त्या खाली बसल्या. "मी हाय हितं. तू जा."

मी गेले नाही.
रांग पुढे गेली, परत आली.
सामसननं वळून पाहिलं. पाळकांनीही पाहिलं.
आम्ही दोघी शेजारी शेजारी, अनवाणी,
केरसुणीतून सुटलेले तांदळाचे दाणे
तळव्यांना टोचत होते.

नंतर चहा, मारी बिस्किटं.
काकींनी खिडकीतला नारळ उचलला,
"ह्यो काय ऐतवारापातुर ठेवता?"
आणि सरळ बाहेरच्या पायरीवर आपटला.
खोबरं हातोहात संपलं. सरांनी दोनदा घेतलं.

निघताना म्हणाल्या, "शुक्रवारी गोंधळ हाय माझ्याकडं.
जेवायलाच ये. आमच्यात कुणाला थांबवत न्हाईत."
मी हो म्हटलं, पटकन, आनंदानं.
घर येईपर्यंत चालत राहिले मग,
देवीला दाखवलेला नैवेद्य मला चालतो का
हे अकरा वर्षांत
मलाही कुणी विचारलं नव्हतं.