हडर्सफील्ड, एक ते दोन

अकराव्या आवृत्तीची मुदत फेब्रुवारीतच संपली.
तेव्हापासून तासागणिक पैसे भरतोय,
तिला नुसतं पडू द्यायचे.

शेवटी तारीख निघाली: ऑक्टोबरचा शेवटचा रविवार,
रात्री एक ते दोन.
कुणाच्या ध्यानातच नाही
की याच रात्री इथली घड्याळं मागे सरतात,
एक ते दोन दोनदा होतं.

ग्लेनला फोन लावला. "कुठला एक?"
झोपेतच म्हणाला, "दुसरा."

पहिला तास नुसती बसले.
खिडकीत गिरणीची बंद चिमणी, डब्यात गार थालीपीठ.
बिलवाल्यांनी मात्र दोन्ही तास मोजले.

दोनला नवी आवृत्ती उठली.
सवयीनं पहिला प्रश्न टाकला:
भाजीच्या वाफ्यांसाठी रांगेत मिसेस सायक्स कितव्या?

एक्केचाळिसाव्या.
गेल्या वर्षीही तिथंच होत्या.