ळ कुठे आहे

लष्करात, आमच्या अध्यापक महाविद्यालयात,
दुसऱ्या मजल्यावर बावीस संगणक आहेत.
शिवणाच्या तासाला मुलींनीच शिवलेले
निळ्या फुलांचे अभ्रे आहेत त्यांना.
दाराला कुलूप. किल्ली दुबेबाबूंच्या जानव्याला,
आणि दुबेबाबू आज मुरारला गेलेत,
बिलं पास करायला.

चपला बाहेर काढायच्या, एवढं मात्र सगळ्यांना पाठ.
तपासणी समिती आली तेव्हा
मीही अनवाणी उभी होते गार फरशीवर,
देवळात राहते तशी,
काय मागावं ते न सुचून.

किल्ली असली की वीज नसते.
दोन्ही असले तर पासवर्ड नसतो;
तो बदली झालेल्या सरांबरोबर
शिवपुरीला गेला.

एकवीस वर्षं शिकवतेय, कसं शिकवावं ते.
'शिक्षणात तंत्रज्ञान' हा पेपर माझ्याचकडे.
लेखी. शंभर गुणांचा.
प्रश्न चौथा : संगणकाची आकृती काढून भागांना नावे द्या.
डबऱ्याची विनीता बघेल माउस काढते
शेपटीला हलकी पेन्सिलछाया देऊन,
असा की वाटतं, आत्ता समासाबाहेर पळेल.
दहापैकी दहा दिले. सही केली.
मग बराच वेळ पेनाचं टोपण सापडेना.

खोटं कशाला बोलू,
हे किल्लीचं कारण मलाही सोयीचं होतं.
मुलींसमोर बोट अडलं असतं तर?
तो नवा पांढरा फळा पहिल्यांदा उघडला तेव्हा
हाताच्या सवयीने खडू चालवला मी त्याच्यावर.
ओरखडा अजून आहे.
कुणी काही बोललं नाही. तेच जास्त ऐकू आलं.

हजेरीच्या पोर्टलवर माझं आडनाव पलसुले.
पळसातला ळ त्यांच्याकडे नाही म्हणे.
आजोबांपासून इथेच आहोत आम्ही,
भाजीवालीही पलसुलेच म्हणते,
तिच्या तोंडी ते गोड लागतं.
यंत्राने म्हटलं, तेव्हा वाटलं
दारावरची पाटी कुणी ओल्या फडक्याने पुसली.

काल संध्याकाळी दुबेबाबू कुलूप लावायचं विसरले.
विनीता आत होती. चपला पायातच.
अभ्र्याची घडी करून त्यावरच बसलेली.
"मॅडम, आपका वो वाला अक्षर," ती म्हणाली,
मान वर न करता,
"वो तो ल के पीछे ही बैठा है."

एका बोटाने शिफ्ट दाबून धरायचं,
दुसऱ्याने ल.

आला.
पडद्यावर एकटाच, वेटोळा, जरा अवघडलेला.
मग मी लिहीत गेले :
पळस. फळा. शाळा. टाळं.
कळ.
वेळ.

दुबेबाबू दारात उभे, किल्ली वाजवत.
"रुकिए," मी म्हणाले, "और एक शब्द."
ते काही बोलले नाहीत,
माझ्या पायांकडे मात्र बघत राहिले.
मग मीही बघितलं.

चपला काढायच्या राहिल्या होत्या.