बेवारस

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
कोणीतरी कपाट रिकामं करतं.

उपरनाविकच्या शाळेत संगणक एकवीस,
उपग्रहाची जोडणी एकच, तीही वाऱ्याच्या मर्जीची.
म्हणून एकदा उतरवलेलं प्रत्येक पॅकेज
मी सर्व्हरवर राखून ठेवते,
शेवटच्या बोटीने आलेलं पीठ
जूनपर्यंत पुरवावं तसं.

आणि सकाळी पाहावं तर
फोल्डर आहे, फायली नाहीत.

आधी संशय डिस्कवर. बदलली.
मग परवानग्या, मग घड्याळ,
मग, खरं सांगते, मालिकवर,
जो शाळा सुटल्यावर खेळ उतरवत बसतो.
सगळ्या वर्गासमोर बोलले त्याला.
तो म्हणाला, "मला पासवर्डच माहीत नाही, पिपालुक."
माहीत नव्हताच.
जमेल तेवढं पुन्हा ओढलं, थेंब थेंब.
सकाळी, ये रे माझ्या मागल्या.

चौथ्या रात्री जागी राहिले.
बाहेर स्लेजची कुत्री हेल काढत होती, आत पंखा.
लॉग मागे मागे नेत पहिल्या रात्रीशी आले,
तिथे ती ओळ, तीन दिवस
वाचून न वाचल्यासारखी केलेली:
यादी आली. एकेचाळीस किलोबाइट.
एरवी ती नऊ मेगाबाइट असते.

वाऱ्याने यादी मध्येच तोडली होती.
मग सफाईचा प्रोग्राम वेळेवर उठला,
हातात तो फाटका कपटा,
आणि एकेका फायलीला विचारत गेला,
तुझं नाव आहे यात?
नाही? बेवारस.
दोन हजार तीनशे बारा वेळा बेवारस.
अगदी प्रामाणिकपणे. एकही नियम न मोडता.

दुकानदार एनोकला सांगितलं
तर तो कॉफी ढवळतच राहिला.
"माझ्या पावत्यांचा गठ्ठा एकदा समुद्रात पडला,"
म्हणाला, "म्हणून मी माल नाही फेकला.
बोटीची वाट पाहिली."

घरी येऊन दोन ओळी लिहिल्या:
यादी अपुरी वाटली
तर आज कशालाच हात लावू नकोस.

आता तीन दहाला तो उठतो,
यादी तोलून बघतो, हलकी लागली की
परत झोपतो.
फायली येताहेत, दिवसाला चाळीसेक.

मालिकची माफी मागायची राहिली आहे.
तो रोज दारातून डोकावतो,
"किती झाल्या?" विचारतो.
मी आकडा सांगते.
तेवढाच सांगते.